लोकांना आवडतं तेच द्यायचं का? तालपुट, भीमजलसे आणि आपण श्रोते

एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीत जयंतीच्या बैठका सुरू होतात. वर्गणीचा हिशेब होतो, मिरवणुकीचा मार्ग ठरतो आणि मग विषय निघतो कार्यक्रमाचा. एखादा जुना कार्यकर्ता म्हणतो, "यंदा गायन पार्टी बोलवू, जलसा ठेवू." लगेच उत्तर येते, "आता कोण ऐकतं दादा? पोरांना डीजे पाहिजे. लोकांना आवडतं ते द्यावं लागतं." बहुतेक वेळा चर्चा इथेच संपते. डीजेचे पैसे आधी बाजूला काढले जातात आणि उरलेल्या पैशात बसेल असा गायक शोधला जातो.

"लोकांना आवडतं ते द्यावं" हे वाक्य ऐकायला साधे वाटते, लोकशाहीचेही वाटते. पण कलावंत आणि श्रोता यांचे नाते काय असते, कोण कोणाला घडवतो, या प्रश्नाचे एक तयार उत्तर त्यात दडलेले आहे. ते उत्तर तपासून पाहण्यासाठी आपल्याकडे दोन भक्कम आधार आहेत. एक राजगृहातला, भगवान बुद्धांच्या काळातला. दुसरा गेल्या शंभर वर्षांतला, आपल्याच आजोबा-पणजोबांनी उभा केलेला.

राजगृहातल्या नटाचा प्रश्न

संयुत्त निकायात गामणि संयुत्त नावाचा भाग आहे. गामणी म्हणजे प्रमुख. त्यात तालपुट सुत्त येते. तालपुट हा नटमंडळीचा प्रमुख होता. भगवान बुद्ध राजगृहाजवळ वेळुवनात असताना तो त्यांना भेटायला आला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते. आमच्या धंद्यातले जुने आचार्य सांगत आले आहेत की जो नट रंगमंचावर खरे-खोटे करून लोकांना हसवतो, रिझवतो, तो मेल्यावर हसऱ्या देवांच्या लोकात जातो. यावर आपले काय मत आहे?

भगवंतांनी उत्तर टाळले. हे मला विचारू नकोस, असे ते म्हणाले. तालपुटाने दुसऱ्यांदा विचारले, तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र त्यांनी स्पष्ट उत्तर दिले. लोक आधीच राग, द्वेष आणि मोह यांनी बांधलेले असतात. (पालीत राग म्हणजे आसक्ती, आपला मराठी राग नव्हे.) त्यांच्यापुढे नट पुन्हा तीच आसक्ती, तोच द्वेष आणि तोच मोह वाढवणाऱ्या गोष्टी मांडतो. तो स्वतः धुंद आणि बेसावध असतो आणि दुसऱ्यांनाही धुंद, बेसावध करतो. त्याची गती स्वर्गाची नाही.

हे ऐकून तालपुट रडू लागला. भगवंत म्हणाले, म्हणूनच तर मी तुला विचारू नकोस म्हणालो होतो. त्यावर तालपुटाने जे सांगितले, ते या सुत्ताचे मर्म आहे. आपण जे बोललात त्याचे मला दुःख नाही, तो म्हणाला. माझ्या जुन्या आचार्यांनी मला इतका काळ फसवले, त्याचे मला रडू येते. पुढे तो संघात आला, अर्हत झाला. थेरगाथेत त्याच्या नावावर एक दीर्घ काव्य आहे. म्हणजे त्याच्यातला कवी संपला नाही, त्याच्या शब्दांची दिशा बदलली.

स्वर्ग-नरकाची भाषा बाजूला ठेवून, बाबासाहेबांनी शिकवले तसे विवेकाने हे सुत्त वाचले तर तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, श्रोता कोऱ्या पाटीसारखा येत नाही. तो आपल्या भुका, भीती आणि संताप घेऊन येतो आणि कलावंत त्यातल्या कशाला तरी खतपाणी घालतो. दुसरी, श्रोत्याला धुंद करणारा आधी स्वतः धुंद होतो. टाळ्यांची नशा दोन्ही बाजूंना चढते. तिसरी, लोक खूश झाले एवढ्यावरून काम चांगले झाले असे ठरत नाही. नेमके हेच तालपुटाच्या आचार्यांनी त्याला शिकवले होते आणि आज आपल्या बैठकीत तेच वाक्य नव्या शब्दांत बोलले जाते.

मग बुद्ध कलेच्या विरोधात होते का?

काही जण तालपुट सुत्ताचा आणि अष्टशीलातल्या नृत्य-गीत-वादनापासून दूर राहण्याच्या शीलाचा दाखला देऊन म्हणतात की बौद्धांनी गाण्या-बजावण्याच्या वाटेलाच जाऊ नये. हा अर्थ घाईचा आहे. अष्टशील उपासक उपोसथाच्या दिवशी घेतात. तो मन शांत करण्याचा सराव आहे. रोजच्या पंचशीलात ते शील नाही.

दीघ निकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख नावाचा गंधर्व वीणा वाजवत भगवंतांपुढे गातो. ते गाणे चक्क प्रेमाचे आहे आणि त्यातच बुद्धाचा, धम्माचा आणि अर्हतांचा उल्लेख गुंफलेला आहे. भगवंत त्याला हाकलून देत नाहीत. तुझ्या तारांचा स्वर गीताशी जुळतो आणि गीताचा स्वर तारांशी, कुणी कुणावर कुरघोडी करत नाही, असे म्हणून ते कौतुक करतात आणि हे गाणे कधी रचलेस असेही विचारतात. सोण स्थविराला मध्यम मार्ग समजावतानाही त्यांनी वीणेच्याच तारांचे उदाहरण दिले: फार ताणल्या तरी वाजत नाहीत, फार सैल सोडल्या तरी वाजत नाहीत.

म्हणजे गाणे ऐकू नये असे भगवंतांचे सरसकट सांगणे नव्हते. गाणे संपल्यावर ऐकणाऱ्यात काय वाढले, ही त्यांची कसोटी होती. आता हीच कसोटी घेऊन आपल्या मातीत येऊ.

दौलतजादा : पैसे देणारा मालक

महाराष्ट्रात नाचणे, गाणे, वाजवणे ही कामे मोठ्या प्रमाणावर अस्पृश्य ठरवलेल्या जातींवर टाकलेली होती. गावच्या जत्रेत, लग्नात हलगी वाजवायची ती गावकीचे काम म्हणून, भाकरीच्या मोबदल्यात. ढोलकी, तुणतुण्याची कला तमाशाच्या फडात फुलली, पण त्या फडातला कलावंत आणि समोरचा प्रेक्षक यांचे नाते बरोबरीचे नव्हते. दिवसा ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याच्याच गाण्याला रात्री शिट्ट्या, अशी ती व्यवस्था होती.

या नात्याचे सर्वांत उघडे रूप म्हणजे दौलतजादा. प्रेक्षक नोट हातात धरतो, नाचणारी बाई ती घ्यायला त्याच्यापर्यंत जाते आणि त्याच्या नावाने, त्याच्या फर्माइशीने पुढची लावणी होते. नोट लहान असो वा मोठी, तिचा अर्थ एकच: पैसे देणारा मालक. इथे कलावंताची कला कितीही थोर असली तरी श्रोत्याला ती बदलू शकत नाही, कारण श्रोता ऐकायला बसलेलाच नसतो. तो आपली सत्ता उपभोगायला बसलेला असतो.

शाहीर पठ्ठे बापूराव यांनी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न चळवळीच्या निधीला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, ही हकिकत चळवळीत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. बापूराव जन्माने ब्राह्मण, त्यांच्या फडातली प्रसिद्ध कलावती पवळा महार समाजातली. चळवळीला पैशाची चणचण कायमची होती. तरीही आपल्या समाजातल्या स्त्रीला नाचवून मिळालेला पैसा नको, ही भूमिका बाबासाहेबांनी घेतली. त्यांचा आक्षेप कोणत्या नात्यातून तो पैसा आला यावर होता. मंच तोच ठेवून त्यावरचे नाते बदलणे हे काम पुढे जलसाकारांनी केले.

जलशाने काय बदलले?

महात्मा फुल्यांनी 1873 साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचा विचार खेड्यापाड्यांत नेण्यासाठी सत्यशोधक जलसे उभे राहिले. त्यांनी तमाशाचा लोकांना ठाऊक असलेला साचा घेतला आणि आतला मजकूर बदलला. शृंगाराच्या जागी सावकार आणि भटजी यांच्या लबाडीचे सोंग आले. याच वाटेने पुढे 1930 च्या दशकात आंबेडकरी जलसे बहरले. नाशिककडचे शाहीर भीमराव कर्डक हे त्यातले अग्रणी नाव. त्यांनी लिहिलेले 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक आज या चळवळीची पहिल्या हातची साक्ष आहे.

या जलशांनी कलावंत आणि श्रोता यांच्या नात्यात तीन मोठे बदल केले.

पहिला बदल म्हणजे दोघे एकाच पंगतीत आले. गाणारा गिरणीत, रेल्वेत, गोदीत नाहीतर शेतावर राबणारा आणि ऐकणाराही तोच. समोर पाटील, इनामदार बसलेला नाही. त्यामुळे कुणाच्या फर्माइशीची वाट पाहायची गरज उरली नाही. मंच म्हणजे बैलगाडी, चावडीसमोरचा ओटा किंवा चाळीतले मोकळे अंगण.

दुसरा बदल भाषेचा आणि चालीचा. श्रोत्यांपैकी बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण गण, बतावणी, वग, सवाल-जवाब हे सारे त्यांच्या ओळखीचे होते. जलसाकारांनी ओळखीची चाल उचलली आणि तीवर नवे शब्द बसवले. यामागे मोठे शहाणपण आहे. चाल ओळखीची असली की ऐकणाऱ्याचे अर्धे काम झालेले असते. त्याचे सारे लक्ष शब्दांकडे जाते. दुसऱ्या कडव्याला तो झीलकऱ्यांबरोबर धृपद उचलतो आणि घरी जाताना गाणे त्याच्या तोंडी असते. भाषण ऐकून घरी नेता येत नाही, गाणे नेता येते. बाबासाहेबांनी कर्डकांच्या एका जलशाला आपल्या अनेक सभांच्या तोलाचे मानले असे सांगितले जाते, त्याचे कारण हे.

तिसरा बदल सर्वांत महत्त्वाचा. जलसा श्रोत्याकडून काहीतरी मागत असे. मेलेल्या जनावराचे मांस सोडा. गावकीची लाचारीची कामे सोडा. पोराला आणि पोरीला शाळेत घाला. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला या. 1935 साली येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिचा अर्थ समजून घ्या. जलसा पडला की उठला हे टाळ्यांवर ठरत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या गावात काय घडले, यावर ठरत होते. तालपुटाच्या कसोटीला दिलेले हे आपले उत्तर आहे. गाणारा स्वतः सावध होता आणि ऐकणाऱ्याला सावध करत होता.

एक उणीवही मान्य केली पाहिजे. तमाशातल्या स्त्रीच्या अवहेलनेला उत्तर म्हणून जलशात स्त्रीपात्रेही बहुधा पुरुषच करत. अवहेलना थांबली, पण मंचावरची स्त्रीची जागाही काही काळ गेली. पुढे सुषमादेवी, वैशाली शिंदे यांच्यासारख्या गायिकांनी ती जागा स्वतःच्या आवाजावर परत मिळवली.

वामनदादा आणि श्रोत्यांच्या वह्या

हे नाते सर्वांत उंच गेले ते लोककवी वामनदादा कर्डक यांच्या काळात. 15 ऑगस्ट 1922 रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला हा माणूस मुंबईत कष्ट करता करता, वयाने मोठा झाल्यावर अक्षरे शिकला. 1943 मध्ये त्यांनी पहिले गीत रचले आणि 2004 मध्ये निधन होईपर्यंत ते गावोगाव गात फिरले. मुक्काम कार्यकर्त्याच्या घरी, जेवण जे असेल ते. ज्याच्या ओसरीवर रात्री झोपायचे त्याच्यासाठीच गायचे, असे जगणे असले की गाण्यात खोटेपणा शिरायला वाव राहत नाही.

त्यांची कितीतरी गाणी ऐकणाऱ्यांच्या वह्यांमध्ये आणि कंठात टिकली. शेवटच्या कडव्यात कवीने आपले नाव गुंफायची रीत आहे. तिच्यामुळे गाणे कितीही हातांतून गेले तरी कोणाचे आहे हे विसरले जात नसे. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीवरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या गीतांच्या छोट्या पुस्तिका हा त्याच परंपरेचा छापील भाग. इथे श्रोता हाच जतन करणारा झाला.

बक्षिसाची रीतही इथे बदलली. आपल्या कार्यक्रमात माणूस मंचावर येतो, बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या प्रतिमेला वंदन करतो, गायकाच्या हातात 101 रुपये ठेवतो आणि गायक माइकवरून त्याचे नाव घेतो. दिसायला ही दौलतजादाचीच बहीण वाटेल. पण इथे देणारा उठून कलावंतापर्यंत जातो. हा दानाचा संस्कार आहे.

ही रेषा मात्र फार बारीक आहे. आज अनेक ठिकाणी दर कडव्याला गाणे थांबवून स्थानिक पुढाऱ्यांची नावे वाचावी लागतात. कुठे गायकाच्या डोक्यावरून नोटा उधळल्या जातात. नोट उधळणारा हात आपला असला तरी तो दौलतजादाचाच हात आहे, हे आपल्याला कळले पाहिजे.

कलावंत आपल्यातलाच असतो

11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जणांचा बळी गेला. चार दिवसांनी, 15 जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांच्या 'जयभीम कॉम्रेड' या माहितीपटाची सुरुवात याच घटनेपासून होते. या मृत्यूचे उदात्तीकरण आपण करू नये. त्यातून घ्यायचे ते एवढेच की लोकांचे दुःख रोज गळ्यातून गाणारा माणूस ते दुःख स्वतःही पचवत असतो. कार्यक्रम झाला की त्याला हार घालून एसटीत बसवून दिले, एवढ्यावर श्रोत्यांची जबाबदारी संपत नाही.

डीजे आणि मोबाइलच्या काळात

आता डीजेकडे वळू. डीजेवर नाचणाऱ्या तरुणांना नुसते रागावून उपयोग नाही. ज्या रस्त्यावरून आपल्या पूर्वजांना मान वर करून चालता येत नव्हते, त्याच रस्त्यावर वाजतगाजत, नाचत जाणे यातही एक घोषणा आहे. ती समजून घेतली पाहिजे.

पण त्यात हरवते काय, हेही पाहू. समोर बसलेला गायक श्रोत्यांचे चेहरे वाचतो. एखादी ओळ लागली असे दिसले की ती पुन्हा घेतो. कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसले तर थांबतो. एखादा संदर्भ कळला नाही असे वाटले तर दोन वाक्ये बोलून समजावतो. श्रोता न बोलता गाणे घडवत असतो. डीजेच्या भिंतीला चेहरे दिसत नाहीत. भीमगीताचे शब्द ठोक्याखाली दबतात आणि उरतो तो फक्त छातीवर आदळणारा आवाज. गाणे बाबासाहेबांचे आहे की आणखी कशाचे, याने फरक पडेनासा होतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. काही ठरावीक दिवशी शासन 12 पर्यंत सूट देऊ शकते. रात्रभर चालणारा जलसा त्यामुळेही आकसला. संध्याकाळचे मोजके तासच हाती असताना ते कशाला द्यायचे, हा प्रश्न म्हणून अधिक महत्त्वाचा.

मोबाइलची कथा दुहेरी आहे. एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात यांचा आवाज कोणत्याही कंपनीच्या किंवा समितीच्या परवानगीवाचून मोबाइलने घराघरांत पोहोचवला. ही मोठी गोष्ट आहे. पण त्याच मोबाइलवर जास्त पाहिले जाते तेच पुन्हा पुन्हा पुढे येते. तालपुटाच्या आचार्यांचा सल्ला आता यंत्र देते. शिवाय कवीचे नाव गाळून गाणी टाकली जातात. 2012 च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला आहे. पण ज्याचे नावच लिहिलेले नाही, त्याच्यापर्यंत तो वाटा पोहोचणार कसा?

श्रोत्यांनी काय करावे?

कलावंताने काय गावे यावर आपण खूप बोलतो. श्रोत्याची कामे क्वचित मोजतो. जयंतीच्या तयारीत या पाच गोष्टी करून पाहता येतील.

1. बिदागी आधी ठरवा आणि कार्यक्रमाच्या रात्रीच पूर्ण द्या. "समाजाचं काम आहे" म्हणून कलावंताला भाड्यासाठी ताटकळत ठेवू नका. वादकांनाही घर असते.

2. गाणे मध्ये थांबवायचे नाही, हा नियम करा. बक्षिसांची नावे दोन गाण्यांच्या मध्ये किंवा शेवटी एकदाच वाचा. नोटा उधळण्यावर समितीने बंदी घालावी.

3. कवीचे नाव घ्या. मंचावरून, फलकावर आणि मोबाइलवर व्हिडिओ टाकताना गीतकार, गायक आणि वादक यांची नावे लिहा.

4. वस्तीतल्या ज्येष्ठ गायकांकडे, आजींकडे बसा, त्यांची गाणी त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करा, वहीत उतरवा. राज्य शासन ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना दरमहा मानधन देते. अर्ज भरायला आणि कागदपत्रे जमवायला त्यांना मदत करा.

5. कार्यक्रमानंतर अर्धा तास ठेवा. आज ऐकले त्यातले काय आपल्या वस्तीत करायचे, यावर बोला. अभ्यासिका, व्यसनमुक्ती, मुलींचे शिक्षण, काहीही असो. जलसा इथे पूर्ण होतो.

बैठकीत पुन्हा कुणी म्हणाले की लोकांना आवडतं तेच द्यावं लागतं, तर त्याच्याशी भांडू नका. 1930 च्या दशकातल्या लोकांनाही लावणी आवडत होती, हे त्याला सांगा. जलसाकारांनी त्याच लोकांसमोर त्याच चालीत नवे शब्द ठेवले आणि तेच लोक पुढे 1956 साली नागपूरला चालत, गाडीने, मिळेल त्या वाटेने आले. आवड जन्माने येत नाही, ती घडवली जाते. गाणारा आणि ऐकणारा मिळून ती घडवतात.

तालपुट रडला तो जुन्या आचार्यांनी फसवले म्हणून. पन्नास वर्षांनी आपल्या नातवंडांनी आपल्याबद्दल तसे म्हणू नये, याची काळजी या एप्रिलच्या बैठकीपासून घेता येईल.

जयभीम. नमो बुद्धाय.